पिवळा उजेड, पांढरा उजेड

दिवाळीच्या तोंडावर आष्टीच्या बाजारात दिव्यांची माळ घ्यायला गेले की दुकानदार आधी विचारतो, "पिवळी देऊ का पांढरी?" गिऱ्हाईक घुटमळते. किंमत सारखीच, विजेचा खर्चही जवळजवळ सारखाच. घर कशाने प्रसन्न दिसेल, एवढेच ठरवायचे असते. हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याच्यामागे शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

आष्टी हा बीड जिल्ह्यातला कोरडवाहू तालुका. 1948 पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. या भागात रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी पेरण्याची जुनी पद्धत आहे. घाण्यावर काढलेले तेल फोडणीलाही लागे आणि दिव्यालाही, त्यामुळे दिव्याला ते जपूनच मिळे. भिंतीतल्या देवळीत एक पणती तेवायची आणि तेवढ्यावर घराची रात्र निघायची. सणाला रोषणाई म्हणजे दिव्यांची संख्या वाढवणे. बीड शहराच्या पूर्वेच्या टेकडीवर खंडोबाच्या देवळापुढे दोन उंच दीपमाळा आहेत. सगळ्या गावाची सजावट एका ठिकाणी करण्याची ती सोय होती, कारण घरोघरी शंभर दिवे लावण्याइतके तेल नव्हते.

पणतीचा उजेड पिवळा का असतो? ज्योतीत तेलाची वाफ पुरती जळत नाही. कार्बनचे सूक्ष्म कण सुटतात, तापून लाल-पिवळे होतात आणि प्रकाश देतात. देवळीच्या छतावर साचणारी काजळी म्हणजे हेच निवालेले कण. त्यांचे तापमान सुमारे 1,900 केल्विन असते. वस्तू जितकी अधिक तापेल तितका तिचा प्रकाश पांढऱ्याकडे व पुढे निळसरपणाकडे झुकतो. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5,800 केल्विनला आहे, म्हणून दुपारचे ऊन पांढरे. गंमत अशी, की ज्या प्रकाशाला आपण 'उबदार' म्हणतो तो कमी तापमानाचा असतो आणि 'थंड' म्हणतो तो जास्त तापमानाचा!

मग रॉकेल आले. 'रॉक ऑइल'चे रॉकेल झाले आणि 'गॅस लाइट'चे घासलेट. पत्र्याच्या उघड्या चिमणीने उजेडापेक्षा धूर जास्त दिला. तो पोरांच्या नाकात आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत गेला, हे जुन्या दिव्यांचे कौतुक करताना विसरू नये. खरी सुधारणा कंदिलाने केली. बाजूच्या नळ्यांतून ज्योतीला बेताची हवा मिळते आणि काचेमुळे वारा लागत नाही. कराडजवळ औंध संस्थानच्या आश्रयाने ओगले बंधूंनी 1916 मध्ये काचेचा कारखाना काढला. त्या जागेचे नावच ओगलेवाडी पडले. त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघर पोहोचला. कंदिलाची वात वरखाली करता येते. उजेड कमीजास्त करण्याची ही सोय साध्या विजेच्या बटणाने आपल्याकडून काढून घेतली!

पांढऱ्या उजेडाशी खेड्याची पहिली ओळख मात्र गॅसबत्तीने करून दिली. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने 1885 मध्ये जाळीचे पेटंट घेतले. पुढे त्याला नेमके मिश्रण सापडले: सुमारे 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सिरियम ऑक्साइड. ही जाळी तापली की काजळीच्या कणांपेक्षा कितीतरी पांढरा व प्रखर प्रकाश देते. नुसत्या थोरियमची जाळी मंद दिसते. खरी करामत त्या एका टक्क्याची.

गॅसबत्ती रोजच्या घरात परवडणारी नव्हती. ती भाड्याने यायची, वरातीला, तमाशाला, कीर्तनाला. म्हणून पांढरा उजेड म्हणजे सोहळा आणि पिवळा म्हणजे रोजची ओढाताण, असे समीकरण मनात बसले असावे. 1960 नंतरच्या दोन-अडीच दशकांत मराठवाड्याच्या खेड्यांत वीज पसरली तेव्हा त्याचाच प्रत्यय आला. ट्यूब लागली ती बैठकीत. पिवळा बल्ब गेला स्वयंपाकघरात नाहीतर गोठ्यात. तेव्हा कोणी बैठकीत मुद्दाम पिवळा दिवा लावला असता तर पाहुण्यांनी कीव केली असती.

आजचा एलईडी या गोष्टीत एक मजेदार वळण आणतो. त्याची मूळ चकती निळा प्रकाश देते. अशी कार्यक्षम निळी चकती बनवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे नोबेल मिळाले. निळ्यातून पांढरा करायला चकतीवर पिवळा लेप देतात, आणि त्या लेपात असते सिरियम. गॅसबत्तीच्या जाळीतले तेच मूलद्रव्य! लेप बदलला की 6,500 केल्विनसारखा पांढरा किंवा 2,700 केल्विनसारखा पिवळा उजेड मिळतो. पिवळा आता गरिबीची खूण उरला नाही, आणि हॉटेले व नवी घरे तो हौसेने लावू लागली.

पण पिवळ्याने घर खरेच आनंदी होते का? 1941 मध्ये नेदरलँड्सच्या क्रूइटहोफ याने मांडले, की मंद उजेड पिवळा असेल तर सुखद वाटतो आणि प्रखर उजेड पांढरा असेल तर. पुढच्या प्रयोगांनी या नियमाला फारसा आधार दिला नाही. तेव्हा 'अमुक दिवा लावा, घर हसेल' असे म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. 2002 मध्ये मात्र एक भक्कम गोष्ट कळली. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत, की त्या निळसर प्रकाश टिपून मेंदूला 'दिवस आहे' असे कळवतात. रात्री उशिरा प्रखर पांढऱ्या दिव्याखाली बसलेल्या मुलाची झोप म्हणूनच लांबते. अभ्यासाला भरपूर उजेड हवाच, तिथे काटकसर नको. पण पुस्तक मिटल्यावर तोच दिवा साऱ्या खोलीभर जळत ठेवणे बरे नव्हे. माझ्या मते रंगाइतकेच महत्त्व दिव्याच्या जागेला आहे. देवळीतली पणती खाली, कोपऱ्यात असे. आपण छताला एकच दिवा टांगतो आणि सगळे चेहरे सपाट करून टाकतो.

आकाशकंदील हे चांगले करतो. आतला बल्ब डोळ्याला टोचतो, पण कागद तोच प्रकाश मोठ्या पृष्ठभागावर पसरवतो. रंगीत कागद काही रंग गिळतो आणि उरलेले सोडतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाका. खोली अंधारी करून कागद उभा धरा. एका बाजूला पणती, दुसऱ्या बाजूला 9 वॅटचा पांढरा एलईडी. दोन्हींकडून सारखा उजेड पडला की तेलाचा डाग जवळजवळ दिसेनासा होतो. बुन्सेनचा हा प्रकाशमापक. पणती 20 सेंटिमीटरवर असेल तर बल्ब सुमारे 2 मीटर मागे न्यावा लागेल. अंतर दहापट, म्हणजे बल्ब साधारण शंभरपट तेजस्वी. डाग पूर्ण मात्र जाणार नाही. एका बाजूने पाहिले तर तो निळसर दिसेल, दुसऱ्या बाजूने पिवळसर. तो का उरतो, ते विद्यार्थ्यांना विचारावे.