दूर बसलेला विद्यार्थी व त्याचा गुरु

कॉलेजांत न जातां घरीं बसून उच्च शिक्षण घेण्याची सोय ही आपल्याच काळाची निर्मिति आहे, अशी सुशिक्षित समाजांत एक सर्वसाधारण समजूत दिसते. संगणक आला, इंटरनेट आलें आणि त्यांच्यामागून विद्यापीठ घरोघर आलें, असा हिशेब मांडला जातो. परंतु इतिहासाचीं पानें चाळूं लागलें म्हणजे असें आढळून येतें कीं, ही कल्पना पावणेदोनशें वर्षांहून अधिक जुनी आहे. या अवधींत टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी व इंटरनेट अशीं साधनें एकामागून एक बदलत गेलीं. यशापयशाचें कारण मात्र बदललें नाहीं. दूरच्या विद्यार्थ्याकडे धडा किती वेगानें पोंचला यावर त्याचें शिक्षण कधींच अवलंबून नव्हतें. त्यानें लिहिलेलें कोणी वाचलें कीं नाहीं, आणि वाचून त्यास उत्तर दिलें कीं नाहीं, यावर तें अवलंबून होतें. हा बोध जवळजवळ प्रत्येक नव्या साधनाबरोबर विसरला गेला आणि पुष्कळांच्या निराशेनंतर पुन्हां शिकावा लागला, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या एका वृत्तपत्रांत १७२८ सालीं कॅलेब फिलिप्स नांवाच्या शिक्षकाची जाहिरात प्रसिद्ध झाली होती. खेड्यापाड्यांत राहणारांस दर आठवड्यास धडे पाठवून शहरवासीयांइतकेंच उत्तम लघुलेखन शिकवूं, असें आश्वासन तींत होतें. धडे पाठविण्याचें हें बोलणें झालें. विद्यार्थ्यानें केलेला अभ्यास तपासण्याचा उल्लेख मात्र तींत नव्हता. ही उणीव भरून निघण्यास एका शतकाहून अधिक काळ जावा लागला. १८४० च्या जानेवारींत इंग्लंडांत एका पेनीमध्यें देशांत कोठेंहि पत्र धाडण्याची सोय झाली, आणि स्वतःच्या लघुलेखनपद्धतीमुळें पुढें जगप्रसिद्ध झालेले आयझॅक पिटमन यांनीं तिचा लाभ घेतला. विद्यार्थ्यांनीं बायबलांतील वचनें लघुलिपींत उतरवून त्यांच्याकडे पाठवावीं आणि त्यांनीं तीं तपासून परत धाडावीं, असा क्रम सुरू झाला. पत्राचा परतीचा प्रवास सुरू झाला, त्याच दिवशीं दूरशिक्षणाचा खरा जन्म झाला, असें आम्ही समजतों.

विद्यापीठांनीं या क्षेत्रांत पाऊल टाकलें तें मात्र निराळ्या वाटेनें. लंडन विद्यापीठानें १८५८ च्या नव्या सनदेनें आपल्या पदवीपरीक्षांसाठीं कॉलेजांत शिकल्याच्या दाखल्याची अट बहुतांशीं काढून टाकली. कोणीहि, कोठेंहि, वाटेल तसा अभ्यास करावा व परीक्षेस बसावें, अशी मुभा झाली. १८७८ सालीं स्त्रियांसहि याच विद्यापीठाच्या पदव्या खुल्या झाल्या. या औदार्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु हें औदार्य परीक्षकाचें होतें, गुरूचें नव्हतें. विद्यापीठ दरवाजा उघडून उभें राहिलें. दरवाजापर्यंत येण्याची वाट ज्याची त्यानें शोधावयाची होती. ती दाखविण्याचें काम मग खासगी संस्थांनीं उचललें. विल्यम ब्रिग्ज यांनीं १८८७ सालीं केंब्रिज येथें काढलेलें पत्रद्वारा शिकविणारें कॉलेज हें त्यांतील एक प्रसिद्ध उदाहरण. पुढें कादंबरीकार म्हणून गाजलेले एच्. जी. वेल्स यांनीं १८९० सालीं लंडनची विज्ञानाची पदवी मिळविल्यावर याच कॉलेजांत कांहीं काळ अध्यापन केलें होतें.

या लंडन विद्यापीठाशीं आपला संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें जीं विद्यापीठें स्थापन झालीं तीं याच नमुन्यावर उभारलीं होतीं. शिकविण्याचें काम कॉलेजांचें, परीक्षा घेण्याचें विद्यापीठाचें, अशी त्यांची वांटणी होती. परीक्षा म्हणजेच विद्यापीठ ही कल्पना आपल्याकडे जी मूळ धरून बसली, तिचा उगम येथें आहे. घरीं बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास प्रवेशपत्रिका व गुणपत्रिका मिळाली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, ही वृत्ति त्याच कल्पनेची वारसदार नव्हे काय?

लंडनच्या विद्यापीठानें जें केलें नाहीं, तें बोस्टनच्या एका बाईनें घरबसल्या करून दाखविलें. ॲना एलियट टिकनॉर ही हार्वर्ड येथील एका नामांकित प्राध्यापकाची कन्या. तिनें १८७३ सालीं स्त्रियांच्या गृहाध्ययनास उत्तेजन देणारी एक संस्था स्थापन केली. त्या काळीं अमेरिकेंतहि उच्च शिक्षणाचीं दारें बहुतेक स्त्रियांस बंद होतीं. संसार, मुलें व आजारी माणसें यांच्या व्यापांतून बाहेर पडणें कित्येकींस शक्यच नव्हतें. या संस्थेनें त्यांस पुस्तकें टपालानें वाचावयास दिलीं. पण तेवढ्यावर ती थांबली नाहीं. प्रत्येक विद्यार्थिनीस एक स्वतंत्र शिक्षिका नेमून दिलेली असे. विद्यार्थिनीनें दरमहा आपल्या वाचनाचा वृत्तांत व टिपणें लिहून पाठवावीं, आणि शिक्षिकेनें त्यांस सविस्तर उत्तर द्यावें, असा नियम होता. या शिक्षिका विनावेतन काम करीत. मॅसॅच्युसेट्स येथील प्रख्यात तंत्रशिक्षणसंस्थेंत प्रवेश मिळविणारी पहिली स्त्री एलन स्वॅलो रिचर्ड्स हिनें या मंडळाच्या विज्ञानशाखेची धुरा वाहिली होती. १८९६ सालीं टिकनॉर बाई वारल्या आणि पुढच्या वर्षीं संस्थाहि बंद झाली. तोंवर चोवीस वर्षांत सात हजारांहून अधिक स्त्रियांनीं तिचा लाभ घेतला होता. पदवी नाहीं, इमारत नाहीं, सरकारी मदत नाहीं. भांडवल काय तें पत्रोत्तराचें!

पत्रोत्तराचें सामर्थ्य महाराष्ट्रीय वाचकांस निराळें सांगावयास नको. वयानें वडील असलेल्या चांगदेवांस ज्ञानदेवांना काय मायना लिहावा हें सुचेना, म्हणून त्यांनीं कोराच कागद धाडला अशी कथा आहे. ज्ञानदेवांनीं तो कोरा म्हणून परत केला नाहीं. निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून पासष्ट ओव्यांचें उत्तर लिहिलें. शिष्यास पुष्कळदां प्रश्नच विचारतां येत नसतो. काय अडलें हें कळण्याइतकेंहि ज्ञान त्याच्यापाशीं नसतें, आणि त्याचा कागद कोराच येतो. अशा कोऱ्या कागदाला उत्तर देणें हीच दूरशिक्षणांतील खरी कसोटी आहे. छापील धडा पडेल तो विचारलेल्या प्रश्नास. न विचारलेल्या प्रश्नास पुरा पडेल तो माणूस.

याच्या उलट चित्रहि त्याच देशांत लवकरच दिसूं लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या धंदेवाईक शाळा अमेरिकेंत भराभर निघाल्या. त्यांतील कांहींनीं कामगारवर्गाची खरी सेवा केली. परंतु अनेकींनीं दलालांमार्फत विद्यार्थी गोळा करून शुल्क आगाऊ घेण्याची रीत पाडली. अशा व्यवस्थेंत विद्यार्थी मध्येंच गळाला तर संस्थेस तोटा नव्हता, उलट पुढचे कागद तपासण्याचा खर्चच वांचत होता. ज्या संस्थेस विद्यार्थ्याच्या मौनांतून नफा होतो, तिनें त्याच्या मौनाची चौकशी कां करावी?

विसाव्या शतकांत या प्रश्नाचें सर्वांत विचारपूर्वक उत्तर ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठानें दिलें. हॅरल्ड विल्सन यांनीं १९६३ सालीं ग्लासगो येथील भाषणांत 'आकाशवाणीवरील विद्यापीठा'ची कल्पना मांडली. जेनी ली या कामगारकन्येनें मंत्रिपदावरून ती नेटानें पुढें नेली. १९६९ सालीं सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारींत सुमारें चोवीस हजार विद्यार्थ्यांनिशीं अध्यापन सुरू झालें. प्रवेशास पूर्वशिक्षणाची अट नव्हती. जनतेचें लक्ष दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांनीं वेधून घेतलें. पण विद्यापीठाचे पहिले कुलगुरु वॉल्टर पेरी व त्यांचे सहकारी यांनीं खरी शक्ति दुसरीकडे खर्चिली. त्यांनीं प्रदेशाप्रदेशांत कचेऱ्या उघडल्या, गांवोगांवीं अभ्यासकेंद्रें काढलीं, आणि थोड्याथोड्या विद्यार्थ्यांमागें एकेक शिक्षक नेमला. विद्यार्थ्याच्या निबंधावर नुसते गुण न देतां, काय चुकलें, कोठें चुकलें व पुढें काय वाचावें, हें लिहून परत पाठविणें हें त्या शिक्षकाचें मुख्य काम ठरविलें. अभ्यासाखेरीजच्या अडचणींत सल्ला देणारा मार्गदर्शकहि जोडीस दिला.

या व्यवस्थेची परीक्षा आरंभींच झाली. अध्यापन सुरू झालें त्याच महिन्यांत ब्रिटनमधील टपाल-कर्मचाऱ्यांनीं संप पुकारला, व तो ४७ दिवस चालला. टपालावर विसंबलेल्या विद्यापीठाचें टपालच बंद पडलें! तरी विद्यापीठ बुडालें नाहीं. कारण टपालाव्यतिरिक्त त्याच्यापाशीं जागोजागीं माणसें होतीं. पुढें १९७८ सालीं याच विद्यापीठांतील डेव्हिड स्यूअर्ट यांनीं एका निबंधांत असा सिद्धांत मांडला कीं, अध्ययनसाहित्य कितीहि उत्तम असलें तरी तें एकेका विद्यार्थ्याची अडचण ओळखूं शकत नाहीं. त्याच्याविषयींची अखंड काळजी वाहणारी व्यक्ति संस्थेनें मध्यें ठेविलीच पाहिजे. दूरचित्रवाणीवरील ते प्रसिद्ध रात्रीचे पाठ २००६ सालीं बंद झाले. विद्यापीठ चालू आहे, आणि निबंध तपासणारा शिक्षकहि आहे.

आपल्या देशांत दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं पत्रद्वारा पदवीशिक्षण सुरू केलें; मुंबई विद्यापीठानें १९७१ मध्यें तो मार्ग धरला. १९८२ सालीं हैदराबादेस देशांतील पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें, १९८५ मध्यें दिल्लीस इंदिरा गांधींच्या नांवाचें राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झालें, आणि १९८९ मध्यें नाशिक येथें यशवंतराव चव्हाण यांच्या नांवानें महाराष्ट्राचें मुक्त विद्यापीठ उभें राहिलें. त्याचे पहिले कुलगुरु डॉ. राम ताकवले होते. 'ज्ञानगंगा घरोघरी' हें त्याचें ब्रीद. मराठींत पाठ्यपुस्तकें लिहून घेणें, कॉलेजांतून अभ्यासकेंद्रें चालविणें, ज्यांचें शिक्षण अर्ध्यावर सुटलें अशा गृहिणी, शेतकरी व नोकरदार यांस पुन्हां अभ्यासास बसविणें, हें मोठेंच कार्य त्यानें केलें आहे. परंतु गंगा घरापर्यंत आणली तरी घागर भरून देणारा कोणी लागतोच. जेथें अभ्यासकेंद्रांतील शिक्षक मन लावून काम करतो तेथें विद्यार्थी टिकतो. जेथें केंद्र म्हणजे केवळ अर्ज घेण्याची व पुस्तकें वांटण्याची खिडकी होते, तेथें १८५८ चेंच लंडन पुन्हां अवतरतें.

इंटरनेटचा अनुभव याहून निराळा नाहीं. २०१२ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेनें विद्युन्मंडलांचा एक अभ्यासक्रम सर्व जगास विनाशुल्क खुला केला. सुमारें १,५५,००० जणांनीं नांवें नोंदविलीं; प्रमाणपत्र मिळविलें तें ७,१५७ जणांनीं. नांव नोंदविणारे सर्वच शेवटपर्यंत शिकण्याच्या इराद्यानें आले नव्हते हें खरें. तथापि हें प्रमाण विचार करावयास लावणारें आहे. त्या परीक्षेंत मंगोलियाच्या राजधानींतील एका पंधरा वर्षांच्या मुलानें पूर्ण गुण मिळविले, म्हणून त्याचा जगभर गौरव झाला, व तो योग्यच होता. पण त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीं तो अभ्यासक्रम शाळेंत चालविला होता, आणि प्रयोगाचें साहित्य घेऊन एक तरुण संशोधक अमेरिकेहून मुलांच्या मदतीस मुद्दाम आला होता, ही गोष्ट मागें पडली.

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, खरा जिज्ञासु एकलव्याप्रमाणें गुरूवांचूनहि शिकतो. नेल्सन मंडेला यांनीं रॉबेन बेटावरील तुरुंगांतून लंडनच्या कायद्याच्या पदवीचा अभ्यास चालविला, आणि अखेर १९८९ सालीं, बंदिवासांत असतांनाच, दक्षिण आफ्रिकेच्या पत्रद्वारा शिकविणाऱ्या विद्यापीठाची ती पदवी मिळविली, हें आम्ही जाणतों. परंतु त्या बेटास कैदी विद्यापीठ म्हणत तें तेथें ते एकमेकांस शिकवीत म्हणूनच. शिवाय एकलव्य हा अपवाद आहे. अपवादावर समाजाची व्यवस्था उभारतां येत नाहीं. दुसरा आक्षेप खर्चाचा. धडा एकदां छापला किंवा मुद्रित केला म्हणजे लाखांस पुरतो. उत्तर मात्र प्रत्येकास निराळें द्यावें लागतें, आणि त्यास वेतन पडतें. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही त्यास सर्वांत अधिक महत्त्व देतों. स्वस्ताईचा मोह जेथें जेथें झाला तेथें प्रथम कात्री लागली ती उत्तर देणाऱ्या माणसावर. टिकनॉर बाईंच्या शिक्षिका विनावेतन राबल्या. पण आजच्या शिक्षकाकडून कायम त्यागाची अपेक्षा करणें हा शिक्षणविषयक विचार नव्हे, ती काटकसर आहे.

यांत नुकसान होतें तें कोणाचें, हेंहि पाहिलें पाहिजे. वर्गांत नापास झालेला मुलगा निदान वर्गास किंवा मास्तरांस दोष देऊं शकतो. दिवसभर नोकरी किंवा घरकाम उरकून रात्रीं पुस्तक उघडणारा एकटा विद्यार्थी अडला, त्याच्या स्वाध्यायावर कोणीं एक ओळहि लिहिली नाहीं, आणि त्यानें अभ्यास सोडला, म्हणजे तो दोष देतो स्वतःच्या बुद्धीस. 'शिक्षण आपल्या नशिबीं नाहीं' हें वाक्य तो मुलांबाळांपुढेंहि उच्चारतो. संस्थेच्या वहींत त्याची नोंद एका गळालेल्या नांवापलीकडे होत नाहीं.

म्हणून आपल्या घरांतील कोणी दूरशिक्षणाच्या वाटेनें जावयास निघालें, तर शुल्क किती, पदवीस मान्यता आहे कीं नाहीं, हे प्रश्न वडील मंडळींनीं जरूर विचारावे. पण त्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा. विद्यार्थ्यानें लिहिलेलें कोण वाचणार आहे, आणि किती दिवसांत त्याचें उत्तर येणार आहे? ज्या संस्थेस या प्रश्नाचें सरळ उत्तर देतां येत नाहीं, तिच्यापाशीं पाठ असतील, परीक्षा असतील, पदव्याहि असतील. परंतु तिला शिक्षणसंस्था म्हणण्यास पावणेदोनशें वर्षांचा इतिहास संमति देत नाहीं.