महामार्गाचे रुंदीकरण आणि मुळशीतील वारसा

पुण्याहून पौड, मुळशी, ताम्हिणी घाटमार्गे माणगावला उतरणारा रस्ता 'राष्ट्रीय महामार्ग ७५३ एफ'चा भाग आहे. अशा रस्त्याच्या रुंदीकरणाचा ऐतिहासिक वास्तूंवर होणारा परिणाम तपासताना प्रथम कायद्याचा आधार घेतला जातो. पुरातत्त्व कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

मात्र हे संरक्षण यादीतील स्मारकांपुरतेच. तालुक्यातील घनगड, कैलासगड हे किल्ले डोंगरमाथ्यावर असल्याने रस्त्यापासून सुरक्षित आहेत. खरा धोका आहे तो रस्त्यालगतच्या वारशाला. देवळापुढचे वीरगळ, जुन्या विहिरी, कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांची तोंडे यांची नोंद क्वचितच असते आणि नोंद नसलेला वीरगळ यंत्रचालकाच्या लेखी केवळ दगड ठरतो. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहानंतरही या तालुक्यातील गावे धरणात बुडाली. त्यामुळे उरलेल्या खुणा अधिकच मोलाच्या आहेत.

म्हणूनच मूल्यमापनाचा आरंभ पायी पाहणीने व्हायला हवा. प्रत्येक अवशेषाचे स्थान, छायाचित्र, रस्त्यापासूनचे अंतर, सुरुंगाच्या हादऱ्यांचा आणि बदललेल्या पाणीवाटांचा संभाव्य परिणाम नोंदवावा लागतो. ही पाहणी रस्त्याची आखणी निश्चित होण्यापूर्वीच उपयोगी पडते. भूसंपादनानंतर पर्याय उरतो तो अवशेष हलवण्याचाच. इंग्लंडमधील स्टोनहेंजजवळच्या महामार्ग बोगद्याची मंजुरी तेथील उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली, त्यामागे पर्यायांचा अपुरा विचार हे एक कारण होते.