शाळेची जमीन आणि शिक्षिकांचा पगार

शिक्षकांना द्यायला पैसा नाही, हे उत्तर आपल्याकडच्या विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे ऐकले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरातही शिक्षिकांना तेच ऐकवले गेले. त्यांनी मात्र ते खरे आहे का, हे तपासायचे ठरवले.

तिथल्या प्राथमिक शाळांत शिकवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. त्यांतल्या कितीतरी आयरिश कॅथलिक स्थलांतरितांच्या मुली. प्रोटेस्टंट बहुसंख्याकांच्या देशात या समाजाकडे संशयानेच पाहिले जाई. शाळा मंडळ महापौर नेमायचा आणि महापौर निवडायचा हक्क बायकांना नव्हता. त्यांचा कमाल पगार वर्षाला ८२५ डॉलर, तोही १८७७ पासून जागचा हललेला नाही. १८९७ मध्ये त्यांनी ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ ही संघटना उभी केली. पुढच्याच वर्षी मंडळाने हा पगार टप्प्याटप्प्याने १,००० डॉलरपर्यंत नेण्याचे मान्य केले आणि लवकरच तिजोरी रिकामी असल्याचे सांगून हात वर केले.

संघटनेच्या मार्गारेट हेली आणि कॅथरीन गॉगिन यांनी करवसुलीची कागदपत्रे उघडली. हेली कत्तलखान्यांच्या वस्तीतल्या शाळेत सहावीला शिकवत होत्या. कायद्याचे शिक्षण नव्हते. त्यांना दिसले ते असे: ट्राम, गॅस, वीज, टेलिफोन या कंपन्यांना शहराच्या रस्त्यांवर धंदा करण्याचे मौल्यवान हक्क मिळाले होते. कायद्याने त्यावर कर होता, पण तो आकारलाच जात नव्हता. शिक्षिका कोर्टात गेल्या. १९०१ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपन्यांनी केंद्रीय न्यायालयातून रक्कम बरीच कमी करून घेतली, तरी शाळांच्या वाट्याला अडीच लाख डॉलरच्या आसपास आले. मंडळाने ते पगाराऐवजी कोळशाची बिले आणि इमारतींची डागडुजी यांकडे वळवले! शिक्षिकांना पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. १९०४ मध्ये न्यायाधीश एडवर्ड डन यांनी पैसा पगारासाठीच वापरा, असा निर्णय दिला.

खरी गोम मात्र जमिनीत होती. अमेरिकेत १७८५ च्या कायद्याने प्रत्येक टाउनशिपच्या ३६ भागांपैकी सोळावा भाग शाळांसाठी राखून ठेवला होता. शिकागोत हा भाग म्हणजे ६४० एकर, आजच्या शहराच्या अगदी काळजात. १८३३ मध्ये त्याच्या १४२ गटांपैकी १३८ गट अवघ्या ३८ हजार डॉलरच्या आसपास विकून टाकले गेले. उरलेल्या जागा भाडेपट्ट्याने दिल्या. त्यांतली एक ‘शिकागो ट्रिब्यून’ या बड्या वृत्तपत्राकडे होती. दर दहा वर्षांनी जागेची किंमत नव्याने ठरवून भाडे वाढवण्याची अट करारात होती. १८९५ मध्ये ती काढून टाकली आणि भाडे १९८५ पर्यंत गोठवले. वृत्तपत्राचा वकील तेव्हा शाळा मंडळावरच होता. हेच वृत्तपत्र शिक्षिकांच्या संघटनेवर अग्रलेखांतून तुटून पडत असे.

वक्फच्या जमिनींची दशा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे फार समजावून सांगायला नको. कायमची राखून ठेवलेली मालमत्ता, मोक्याची जागा, नाममात्र भाडे, आणि राखणदाराची भाडेकरूशी सोयरीक. आपल्याकडे याची चर्चा बहुधा धर्माच्या अंगाने होते. भाड्याच्या पावत्या कुणी पाहत नाही. न्यायाधीश डन १९०५ मध्ये महापौर झाले, त्यांनी जेन अॅडम्ससारख्या समाजसेविकेला मंडळावर आणले. मंडळाने तो करार रद्द करण्यासाठी दावाही लावला, पण कोर्टात करार टिकला.

पुढे महामंदी आली. १९३१ पासून शिक्षकांचे पगार रखडू लागले. पगार म्हणून कधी कधी नुसते वचनाचे कागद हाती पडत, आणि दुकानदार ते दर्शनी किमतीला घेत नसत. एप्रिल १९३३ मध्ये हजारो शिक्षक बँकांवर चालून गेले. थकबाकी अखेर ऑगस्ट १९३४ मध्ये मिळाली, तीही केंद्र सरकारच्या वित्तसंस्थेने शाळा मंडळाला दिलेल्या कर्जातून. त्या कर्जाला तारण ठेवली होती शाळांच्या मालकीची शहरातली उरलीसुरली जमीन.