लेबलाच्या जागी किल्ली

वेब पानावरच्या एखाद्या घटकाची सेटिंग उघडली की त्याच्या प्रॉपर्टींची नावं दिसतात: शीर्षक, रंग, एका पानावर किती नोंदी. ती वाचणाऱ्याच्या भाषेत दिसावीत, ही मागणी साधी वाटते. पण मजकूर प्रोग्राममध्ये सर्वांत घट्ट रुतून बसला होता तो नेमका इथेच.

मजकूर कोडपासून वेगळा ठेवायची रीत तशी जुनी. 1984 च्या मॅकिंटॉशसाठी ब्रूस हॉर्न यांनी रिसोर्स मॅनेजर लिहिला. मेनू, सूचना, चिन्हं फाइलीच्या वेगळ्या भागात राहू लागली आणि कोडला हात न लावता भाषांतर करता येऊ लागलं. पुढे विंडोजची स्ट्रिंग टेबल्स, ग्नू गेटटेक्स्ट, जावाची रिसोर्स बंडल्स आली. मायक्रोसॉफ्टच्या 2002 च्या डॉटनेटने तर प्रत्येक भाषेसाठी वेगळी डीएलएल फाइल दिली.

तरी प्रॉपर्टीचं नाव मागेच राहिलं. डॉटनेटमध्ये ते ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे कोडमध्ये प्रॉपर्टीला जोडलेल्या टिपेत, लिहायचं असतं आणि ॲट्रिब्यूटला फक्त स्थिर किंमत चालते. कंपायलर ती मेटाडेटात कायमची नोंदवतो. समोरच्या माणसाची भाषा कोणती, हे तिथे विचारायची सोयच नाही.

यावर निघालेली युक्ती मला फार सुंदर वाटते. ॲट्रिब्यूटमध्ये मजकूर लिहायचाच नाही, रिसोर्स फाइलीत तो ज्या नावाने सापडतो ती किल्ली फक्त लिहायची. किल्ली स्थिर असते, त्यामुळे कंपायलरची हरकत नाही. मूळ ॲट्रिब्यूटवरून नवा क्लास काढायचा आणि कोणी नाव मागितलं की त्या क्षणी रिसोर्स फाइलीत शोधून द्यायचं. डॉटनेट घडवणाऱ्यांनी स्वतःच्या घटकांसाठी आत हेच केलं होतं. मायक्रोसॉफ्टच्याच 2003 च्या शेअरपॉइंटने वेब पार्टच्या, म्हणजे पानावरच्या घटकांच्या, प्रॉपर्टींना नाव, गट आणि वर्णन अशा तीन किल्ल्या देणारं खास ॲट्रिब्यूट दिलं. 2005 च्या एएसपी डॉटनेट 2.0 मध्ये पानाच्या मार्कअपमध्येच, प्रॉपर्टीच्या किमतीच्या जागी, डॉलर चिन्ह आणि ‘रिसोर्सेस’ लिहून किल्ली देता येऊ लागली.

शोध त्या क्षणीच घ्यायचा, ही अट महत्त्वाची. ॲट्रिब्यूट एकदा तयार झालं की कॅशमध्ये राहू शकतं. ते तयार होतानाच, कन्स्ट्रक्टरमध्ये, मजकूर शोधून ठेवला, तर पहिल्या वापरकर्त्याची भाषा पुढच्या सगळ्यांच्या माथी बसते. मराठीत पाहणाऱ्यासाठी शोध आधी ‘मराठी-भारत’मध्ये, मग नुसत्या ‘मराठी’त, शेवटी मूळ भाषेत होतो, आणि तोही प्रत्येक शब्दासाठी स्वतंत्रपणे. म्हणून भाषांतर अर्धंच झालं असलं, तरी झालेले शब्द मराठीत दिसतात. छोट्या गटांना काम टप्प्याटप्प्याने करता येतं ते यामुळेच.

2010 च्या डॉटनेट 4 मध्ये ‘डिस्प्ले’ ॲट्रिब्यूट आलं. त्याला किल्लीसोबत रिसोर्स क्लासही सांगता येतो, त्यामुळे स्वतःचा क्लास लिहायची गरज बरीच कमी झाली.