हेडसेट आधी बोलण्यासाठी होता : ब्लूटूथ हँड्सफ्रीचा इतिहास आणि त्याची निवड

हजार-दीड हजार रुपयांचा वायरलेस हेडसेट तुम्ही घेता, गाणी उत्तम वाजतात, आणि पहिल्याच फोनवर समोरचा म्हणतो, "आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय." हा दोष प्रत्येक वेळी स्वस्त मालाचाच असतो असे नाही. त्याचे मूळ हेडसेटच्या इतिहासात आहे. तो इतिहास ठाऊक असेल तर विकत घेताना खोक्यावरचे काय वाचायचे आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हे बरेचसे आपोआप कळते.

हेडसेटचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या टेलिफोन ऑपरेटरांसाठी एझ्रा गिलिलँड यांनी एक उपकरण केले. ते खांद्यावर पेलायचे असे आणि त्याचे वजन काही किलो होते. दोन्ही हात स्विचबोर्डच्या तारांसाठी मोकळे राहावेत एवढाच त्यामागचा हेतू. आपल्याकडे कोलकाता, मुंबई आणि मद्रास येथील एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशके लांबचा फोन ऑपरेटरच्या हातूनच लागत असे. लखनौ–कानपूर दरम्यान थेट डायल करण्याची एसटीडी सोय आली ती १९६० साली. एका कानावर ऐकण्याची वाटी, तोंडापुढे बोलण्याचे भोंगे आणि मोकळे हात ही रचना या कामातून घडली.

पुढचा टप्पा विमानांचा. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ येथे कोर्टनी ग्रॅहम आणि कीथ लार्किन यांनी प्लँट्रॉनिक्स ही कंपनी काढली. वैमानिकांना जड हेडसेट नको होते, म्हणून यांनी हलका केला. १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावरून बोलले ते याच कंपनीच्या हेडसेटमधून. लक्षात घ्या, इथपर्यंत सगळीकडे मायक्रोफोन तोंडाजवळ आहे. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता वायर काढण्याची गोष्ट. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत निल्स रिडबेक यांनी १९८९च्या सुमारास कमी अंतराच्या रेडिओ दुव्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यामागची एक मुख्य कल्पना बिनतारी हेडसेट हीच होती. १९९४ पासून याप हार्टसेन हे डच अभियंते आणि स्वेन मॅटिसन यांनी त्याला आकार दिला. त्यांनी २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडला, कारण तो जगात बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय वापरता येत होता. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. म्हणजे जागा फुकटची, पण गोंगाटाची. उपाय असा की एकाच वारंवारतेवर थांबायचेच नाही : १ मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारायच्या. एका वाहिनीवर अडथळा आला तर नुकसान फक्त ६२५ मायक्रोसेकंदांचे. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करणारे नियम जानेवारी २००५ मध्ये आले.

नावाची कथा तुम्ही ऐकली असेल. इंटेलचे जिम कार्डाक यांनी डॅनिश राजा हॅराल्ड ब्लूटूथ याचे नाव तात्पुरते म्हणून सुचवले आणि ते चिकटले. मे १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया आणि तोशिबा या पाच कंपन्यांचा गट जाहीर झाला, जुलै १९९९ मध्ये पहिले प्रमाणक आले, आणि ग्राहकांसाठीचे पहिले ब्लूटूथ उपकरण म्हणून त्याच वर्षी जे पुढे आले तो मोबाइलचा हँड्सफ्री हेडसेट होता.

खरी मेख पुढे आहे. त्या काळच्या अभियंत्यांपुढे 'आवाज' म्हणजे टेलिफोनचा आवाज होता : सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ, सेकंदाला ८००० नमुने, ६४ किलोबिटचा प्रवाह. ब्लूटूथमध्ये त्यांनी सीव्हीएसडी ही पद्धत मुख्यत्वे वापरली. हिच्यात प्रत्येक बिट एवढेच सांगतो की ध्वनी आधीच्या पातळीपेक्षा वर गेला की खाली. पायरी किती मोठी घ्यायची ते अलीकडच्या बिटांवरून ठरते. पीसीएममध्ये सर्वांत वरचा बिट बिघडला तर कानात फटाका वाजतो. इथे एखादा बिट चुकला तर थोडी खरखर होते, बस. खराब रेडिओ दुव्यासाठी ही निवड शहाणपणाची होती, असे माझे मत आहे. पण त्या अरुंद पट्ट्यात 'स' आणि 'फ' यांना वेगळे करणारी वरची ऊर्जा कापली जाते. फोनवर स्पेलिंग सांगताना आपण "एस फॉर सुरत" म्हणतो, त्या सवयीमागे हेच कारण आहे.

संगीत नंतर आले. २००३ मध्ये ए-टू-डीपी हे वेगळे प्रोफाइल निघाले. त्यात स्टिरिओ आवाज जातो, पण एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे. मायक्रोफोन सुरू झाला की हेडसेट ते प्रोफाइल सोडून बोलण्याच्या प्रोफाइलवर, म्हणजे हँड्सफ्री प्रोफाइलवर, उतरतो. गाणे ऐकताना फोन आला की आवाज एकदम चपटा होतो तो यामुळे. २०११ मध्ये हँड्सफ्री प्रोफाइलच्या १.६ आवृत्तीने सेकंदाला १६००० नमुन्यांचा 'वाइडबँड' आवाज आणला. याला बाजारात 'एचडी व्हॉइस' म्हणतात. मात्र फोन आणि हेडसेट दोघांनाही तो यायला हवा. एकाला येत नसेल तर दोघे मुकाट्याने जुन्या सीव्हीएसडीवर परततात, आणि पडद्यावर तसे सहसा कुठे दिसत नाही.

२०१६ हे वर्ष या गोष्टीत वळणाचे. सप्टेंबरमध्ये जिओची व्होल्टी सेवा सुरू झाली. त्याच महिन्यात अ‍ॅपलने आयफोन ७ मधून इअरफोनची जागा काढली आणि एअरपॉड्स जाहीर केले. एकीकडे नेटवर्कवरचा आवाज रुंद होत होता. दुसरीकडे मायक्रोफोन तोंडाजवळून उठून कानात गेला. तुमच्या ओठांपासून तो आता वीतभर मागे आहे. अंतर वाढले की तुमचा आवाज क्षीण होतो, पण खोलीतला पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्न तेवढेच राहतात. ही तूट सॉफ्टवेअरने भरून काढावी लागते, आणि स्वस्त हेडसेटमध्ये नेमके तेच कच्चे असते.

तेव्हा निवडताना तुमचे काम आधी ठरवा. प्लेसमेंटची पहिली फेरी बरेचदा फोनवर होते, तीही हॉस्टेलच्या खोलीत, डोक्यावर पंखा फिरत असताना. तिथे उत्तर येऊनही ते ऐकू न जाणे परवडत नाही. अशा कामाला दांडीचा, म्हणजे तोंडाकडे माइक येणारा, एका कानाचा साधा हेडसेट दिसायला जुनाट वाटला तरी सरस ठरतो. गळ्यातला नेकबँड मधला पर्याय. बॅटरीही त्याची जास्त टिकते. खोक्यावरचे 'एएनसी' तुमच्या कानासाठी असते, समोरच्याला त्याचा काही उपयोग नाही. समोरच्यासाठी असते ते 'ईएनसी'. दुकानदारही या दोन्हींची गल्लत करतात. ब्लूटूथ ५.० की ५.३ यावर फार पैसे घालू नका, कारण त्या आकड्यावरून बोलण्याचा आवाज वाइडबँड आहे की नाही हे कळत नाही. आणि खिसा अगदीच रिकामा असेल तर माइक असलेला वायरचा इअरफोन घ्या. त्याला यातले एकही बंधन नाही.

परत करण्याची मुदत संपायच्या आत खरी चाचणी करा. पंखा लावून मित्राला फोन करा आणि त्याला वीस-पंचवीस आकडे लिहून घ्यायला सांगा. रेकॉर्डर अ‍ॅपवर तपासू नका, ते पुष्कळदा फोनचाच माइक वापरते. फोन खिशात ठेवताना हेडसेटच्या बाजूच्या खिशात ठेवा, कारण २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शरीरातले पाणी शोषते. लॅपटॉपवर मुलाखत असेल तर सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडसेट आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचा माइक निवडून पाहा. हेडसेट संगीताच्या प्रोफाइलवरच राहतो आणि प्रश्न स्वच्छ ऐकू येतात. खोली मात्र शांत हवी.

दुचाकीवर असाल तर हे सगळे बाजूला ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातातले संपर्क-साधन वापरत गाडी चालवणे धोकादायक वाहनचालनात धरले आहे. हात मोकळे असले तरी हेल्मेटच्या आत दोन्ही कान बंद करून बसणारा माणूस मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकत नाही. गाडी कडेला घ्या आणि मग बोला.