खांदेरीचीं गलबतें

गोंदियाच्या श्रोत्यांस समुद्र दूरचा. त्यांच्या नित्य परिचयाचें पाणी म्हणजे वैनगंगेचें किंवा नवेगावबांधच्या तलावाचें. परंतु पाण्याची खोली पाहून नाव बेतावी, हा नियम डोंगा वल्हविणाऱ्या धीवरास जितका ठाऊक, तितकाच तो कोंकणच्या खलाशांसही ठाऊक होता. याच नियमाच्या बळावर १६७९ सालीं मराठी आरमारानें मुंबईच्या दारांतील एक बेट राखलें.

त्या बेटाचें नांव खांदेरी. मुंबई बंदराच्या तोंडाच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर तें उभें आहे. तेथें किल्ला झाला तर बंदरांत येणारें जाणारें प्रत्येक जहाज त्याच्या नजरेखालीं यावयाचें. म्हणूनच शिवाजी महाराजांनीं ऑगस्ट १६७९ मध्यें माय नायक भंडारी यास सुमारें दीडशें माणसें व थोड्या तोफा देऊन तेथें धाडलें. मुंबईच्या इंग्रजांनीं बेटावर आपला हक्क सांगितला व भोंवतीं जहाजांचा पहारा बसविला. १९ सप्टेंबर रोजीं बेटावर उतरूं पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. तेव्हां बेट बळानें घेण्यापेक्षां त्याची रसद तोडणें इंग्रजांस सोयीचें वाटलें. दाणागोटा, दारूगोळा आणि बांधकामाचें सामान, सर्वच किनाऱ्यावरून यावयाचें. कांहीं दिवस नावा अडल्या असत्या तर तट अपुरा राहिला असता आणि माणसें उपाशी पडलीं असतीं.

पण नावा अडल्या नाहींत. गलबत हें लहान जहाज. पुढील शतकांतील मोठें गलबतही सत्तर टनांच्या आंतबाहेरचें असे, आणि त्यास चाळीस-पन्नास वल्हीं असत. तें फार पाणी घेत नसे. त्यामुळें खाडींत, खडकांच्या आडोशास आणि ओहोटीच्या उथळ पाण्यांतही त्यास वाट सांपडे. उलट, इंग्रजांच्या उंच डोलकाठ्यांच्या जहाजांस खोल पाणी हवें आणि अनुकूल वारा हवा. रात्र पडली कीं गलबतें नागांवच्या बाजूनें निघत. अंधारांत त्यांचा ठेंगणा सांगाडा दिसणें कठीण, आणि दिसला तरी पाठलाग करणें त्याहून कठीण. कारण वारा पडला किंवा समोरून आला, तर जहाज खोळंबे आणि गलबत वल्ह्यांवर पुढें सरके. पहारा जागा असूनही खांदेरीस माणसें व सामान पोंचत राहिलें.

याचा अर्थ असा नव्हे कीं हीं गलबतें अजिंक्य होतीं. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाच्या आरमारानें उजेडीं इंग्रजांवर चाल केली. ‘डव्ह’ नांवाचें त्यांचें जहाज मराठ्यांच्या हातीं लागलें. मात्र कॅप्टन मिन्चिन व केग्विन यांचें ‘रिव्हेंज’ एकटेंच ठाम राहिलें, आणि त्याच्या तोफांपुढें गलबतांस माघार घ्यावी लागली. तीं उथळ पाण्यांत शिरलीं आणि वांचलीं. ज्या गुणानें तीं रात्रीं बेट जगवीत, त्याच गुणानें तीं दिवसा स्वतः जगलीं.

नोव्हेंबरांत सिद्दीचें आरमार इंग्रजांच्या मदतीस आलें, तरी खांदेरी पडली नाहीं. जानेवारी १६८० मध्यें इंग्रजांनीं आपलीं जहाजें परत नेलीं व पुढें तह केला. त्याच सुमारास सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली. म्हणजे यश पुरतें निष्कंटक नव्हतें. परंतु खांदेरी मराठ्यांकडे राहिली, आणि १७१८ सालीं कान्होजी आंग्र्यांच्या अमदानींत मुंबईकर इंग्रजांनीं तिजवर केलेला हल्लाही फसला.

आज पहारा डोळ्यांचा राहिला नसून रडारचा झाला आहे; म्हणून अंधाराऐवजीं जहाजाच्या आकारांतच लपण्याची सोय करावी लागते. नॉर्वेच्या आरमाराच्या ‘शोल्ड’ वर्गाच्या वेगवान नौका अशाच घडविलेल्या आहेत. रडारचे किरण पाठविणाऱ्याकडे कमींत कमी परतावे अशी त्यांच्या बाजूंची ठेवण आहे, आणि हवेच्या उशीवर धांवत असल्यानें त्यांस पाणीही थोडेंच पुरतें. साधन पालटलें, हेतु तोच राहिला. मुंबईच्या माझगांव गोदींत बांधलेली व २०१९ सालीं भारतीय नौदलांत दाखल झालेली एक पाणबुडी तर ‘खांदेरी’ याच नांवानें ओळखली जाते. न दिसतां समुद्र राखणाऱ्या नौकेस याहून साजेसें नांव क्वचितच सांपडलें असतें.