इंजिन इशारा दिवा

इंजिन इशारा दिवा (रूढ नाव : चेक इंजिन लाइट) हा मोटारीच्या डॅशबोर्डावरील, इंजिनाची आकृती असलेला पिवळसर-नारिंगी दिवा होय. प्रदूषण वाढवू शकेल असा दोष इंजिनाच्या संगणकास आढळला की तो लागतो. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तो लागणे हे यंत्रणा ठीक असल्याचे लक्षण आहे. त्या वेळी तो मुळीच लागला नाही, तर दिवा बिघडलेला तरी असतो किंवा कोणी मुद्दाम निकामी केलेला तरी असतो; जुनी मोटार विकत घेताना हे पाहणे अगत्याचे ठरते.

दिवा लागणे आणि गाडीची ओढ कमी होणे, म्हणजेच बोलीत ‘पिकअप जाणे’, या गोष्टी पुष्कळदा एकत्र येतात. मात्र प्रत्येक वेळी येतीलच असे नाही.

इतिहास

वाहनाने स्वतःचे दोष स्वतः नोंदवावेत, ही सक्ती प्रथम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या मोटारींपासून केली. १९९६ पासून सर्व अमेरिकेत सामायिक संकेतांक व १६ पिनांचे एकाच प्रकारचे सॉकेट आले. भारतात भारत स्टेज ४ मानकांखाली ही व्यवस्था एप्रिल २०१० पासून प्राथमिक स्वरूपात आणि एप्रिल २०१३ पासून विस्तृत स्वरूपात लागू झाली. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज ६ मानके आल्यावर डिझेल गाड्यांतील यंत्रणा अधिक गुंतागुंतीची झाली.

संकेतांक आणि त्याचा अर्थ

दोष आढळताच संगणक पाच चिन्हांचा एक संकेतांक साठवतो. इंजिन व गिअरबॉक्सचे संकेतांक ‘पी’ या अक्षराने सुरू होतात. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, ‘पी ०२९९’ म्हणजे टर्बोचा दाब अपुरा. संकेतांकासोबत त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान व भार यांचीही नोंद राहते. बहुतेक दोष लागोपाठच्या दोन फेऱ्यांत आढळल्याखेरीज दिवा लागत नाही. त्यामुळे ओढ आज कमी व्हावी आणि दिवा उद्या लागावा, असेही घडते.

संकेतांक बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले एवढेच सांगतो. ‘पी ०१७१’ चा अर्थ मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे, इतकाच. पेट्रोल इंजिनात १ भाग इंधनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण बिघडण्यामागे हवेच्या नळीची चीर, अशक्त इंधनपंप, तुंबलेला इंधन फिल्टर, हवा मोजणाऱ्या सेन्सरवरील मळ किंवा सायलेन्सरच्या नळीची गळती असू शकते. बातमी देणारा ऑक्सिजन सेन्सर बहुधा निर्दोष असतो, आणि बदलला जातो प्रथम तोच. गाडीमालकाचा सर्वाधिक अनाठायी खर्च येथेच होतो.

शक्ती घटण्याची कारणे

पेट्रोल गाडीत मिसिंग हे मुख्य कारण. झिजलेला स्पार्क प्लग, निकामी इग्निशन कॉइल किंवा तुंबलेला इंजेक्टर यांमुळे एखादा सिलिंडर काम सोडतो. गाडी हादरते आणि चढणीवर दम तोडते. अशा वेळी दिवा लुकलुकू लागला, तर प्रश्न गंभीर होतो. न जळलेले इंधन सायलेन्सरमार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व त्यास वितळवू शकते. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंमुळे हा भाग फार महाग असतो. स्थिर दिव्यावर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत्या दिव्यावर मात्र ती सुरक्षित जागी उभी करणेच इष्ट.

डिझेल गाडीत टर्बोच्या नळीची चीर, निसटलेला क्लॅम्प, पाणी साचलेला डिझेल फिल्टर व काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह ही नेहमीची कारणे होत. दोष मोठा वाटल्यास संगणक स्वतःच शक्ती मर्यादित करतो. यास ‘लिंप मोड’ म्हणतात. महामार्गावर ट्रक ओलांडताना गाडी अचानक ओढेनाशी झाली, तर ओलांडण्याचा विचार सोडून मागे राहावे लागते.

वऱ्हाडातील परिस्थिती

बाळापूर (जिल्हा अकोला) हे गाव मुंबई–कोलकाता महामार्गावर आहे. येथे गल्लीबोळांतील आखूड फेऱ्या आणि महामार्गावरील जड वाहतूक, अशी दोन टोकांची वाहनचालना आढळते. भारत स्टेज ६ च्या बहुतेक डिझेल मोटारींत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि ते गावातल्या गावात फिरून साधत नाही. अकोल्यापर्यंतचे सुमारे २५ किलोमीटर अंतर एका लयीत कापले, तर ही सफाई अनेकदा आपोआप होते. मात्र लिंप मोड आल्यानंतर ती बहुधा गॅरेजमध्येच करून घ्यावी लागते.

काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टर लवकर भरते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. इंजिनास प्राणवायू कमी मिळतो व एसीचा भार वर पडतो. पातूरच्या घाटात दुपारी मंदावणारी गाडी दिवा लागलेला नसल्यास निर्दोषही असू शकते. तुंबलेला फिल्टर, घासत राहिलेला ब्रेक आणि घसरणारा क्लच यांनीही ओढ जाते, आणि यांपैकी कशानेही दिवा लागेलच असे नाही.

निदान

प्रथम स्कॅनर जोडून संकेतांक व त्यासोबतची नोंद उतरवून घेतात. सॉकेट सहसा स्टिअरिंगखाली असते. यानंतर फुकट होणाऱ्या तपासण्या येतात : एअर फिल्टर, नळ्या, क्लॅम्प, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, टाकीतील इंधन. मिसिंग असल्यास शेजारच्या दोन सिलिंडरांच्या कॉइलची अदलाबदल करतात. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल वाईट; तेथेच राहिला तर प्लग वा इंजेक्टर पाहावा लागतो. सुट्या भागाची खरेदी त्यानंतरची.

बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याची रीत अजून प्रचलित आहे. तिने अनेक गाड्यांत दिवा विझतो, पण नोंदलेला पुरावाही पुसला जातो आणि मूळ दोष कायम राहतो. दुरुस्ती खरी झाली असल्यास तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा सहसा आपोआप मालवतो. साठवलेला संकेतांक मात्र त्यानंतर इंजिन सुमारे ४० वेळा थंड होऊन पुन्हा तापेपर्यंत स्मृतीत राहतो.